मूठभर कोंड्याचा धोंडू

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी जिकडेतिकडे सीमेचा प्रश्न गाजत होता. आमच्या वाडीतली सीमा म्हणजे एक गडगा. कंबरेइतका उंच, दगडावर दगड ठेवून रचलेला. त्याच्या एका अंगाला सुशीलाचं घर, दुसऱ्या अंगाला आनंदीबाईंचं, आणि गडग्यावर बहुतेक वेळा धोंडू बसलेला.

धोंडू सुशीलाच्या पोटचा. मालकी मात्र आनंदीबाईंची.

बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. सुशीलाची आधीची दोन मुलं राहिली नव्हती. तिसऱ्या खेपेला हौसाबाय सुईण सावध होती. पोर जन्मल्याबरोबर तिने ते सुपात घातलं, गडग्यावरून पलीकडे धरलं आणि हाक मारली, "आनंदी, ह्यो धोंडो इकत घेतंस काय गो?" आनंदीबाईंनी सूप घेतलं आणि मोबदल्यात मूठभर कोंडा हौसाबायच्या पदरात टाकला. आता मरणाने सुशीलाच्या घरी येऊन कितीही शोधलं तरी तिथे मूलच नव्हतं. जे होतं ते शेजारणीचं, आणि तेसुद्धा दगड. आनंदीबाईंच्या चारही मुली इतक्या धडधाकट होत्या की मरणाला तो पत्ता ठाऊकच नसावा. मूल घटकाभराने पाजायला म्हणून परत सुशीलाकडे आलं आणि तिथेच वाढलं. देवाच्या दप्तरी सुशीला ही नुसती दूधआई.

उपाय लागू पडला. धोंडूला गोवर आली तीही भीत भीत, आणि आल्या वाटेने गेली.

पण सौदा म्हटला की अटी आल्या. धोंडूने आनंदीबाईंना 'आये' म्हणायचं आणि जन्मदात्रीला 'काकी'. सुशीलाने त्याला चारचौघांत 'माझा' म्हणायचं नाही. आणि आठवं वर्ष पुरं व्हायच्या आत, आईबाप दोघांच्या हजेरीत, त्याला परत विकत घ्यायचं. तोवर सुशीलाने जीभ दातांखाली धरून दिवस काढायचे. काढलेही. तिचा नवरा गंगाराम मचव्यावर खलाशी होता. पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढला की तोही घरी यायचा आणि मुलाकडून 'काका, तंबाखू घेवा' ऐकून घ्यायचा. त्याला त्याचं फारसं काही वाटत नसे. मचव्यावर त्याला याहून वाईट नावांनी हाका मारत.

धोंडूला मात्र या व्यवस्थेत काही उणं दिसेना. सकाळची पेज सुशीलाकडे, दुपारचं म्हावरं, म्हणजे मासळीचं जेवण, आनंदीबाईंकडे. सुशीलाने हात उगारला की तो शांतपणे म्हणायचा, "काकी, माका मारूचा आसात तर आधी आयेक इचार. मी तिचो आसंय."

कायदा त्याच्या बाजूने होता. सुशीला हात खाली घ्यायची आणि विहिरीवर जाऊन कपडे धुवायची. त्या काळात गंगारामचे सदरे फार लवकर विरत.

अशी आठ वर्षं भरत आली आणि नेमकी तेव्हा कोंबडी खुडूक झाली.

कोंबडी आनंदीबाईंची, काबरी. तिने गडगा ओलांडला, सुशीलाच्या पडवीतल्या तुसाच्या टोपलीत बसली आणि पिलांचं लेंढार घेऊनच उठली. आनंदीबाईंनी पिलं मागितली. सुशीला म्हणाली, तूस माझं, कण्या माझ्या, आणि वाडीत कोंबडा एकच आहे तोही माझा.

"जेच्या घरात वाढलां, तेचां," सुशीलाने निकाल दिला. घाईत दिला. दुसऱ्या दिवसापासून दोघींचा अबोला.

आमच्याकडे अबोला म्हणजे बोलणं बंद नव्हे; मधे माणूस लागतो, इतकंच. इथे माणूस धोंडू होता.

"तुज्या आयेक सांग, तिचो वासरू माज्या अळवात शिरता," सुशीला म्हणायची, आनंदीबाई तीन हातांवर भांडी घासत असताना. धोंडू गडग्यावरून पलीकडे उतरून तेच सांगायचा, उत्तर घेऊन यायचा आणि प्रत्येक फेरीला खायला काहीतरी मागायचा. त्या पावसाळ्यात त्याच्या गालांवर तकाकी आली.

मग एका सकाळी हौसाबाय काठी टेकत सुशीलाच्या पडवीत आली आणि म्हणाली, "नारळी पुनव झाली की गंगाराम दर्यार जातलो. गोकुळाष्टमीक धोंडू आठ वर्सांचो होतलो. परत कधी घेतंस तेका? तो दर्यार गेल्यार?"

सुशीलाच्या हातातली पळी तशीच राहिली. इतकी वर्षं जो दिवस ती मनात घोळवत होती तो कोंबडीच्या पिलांपायी तिच्या ध्यानातूनच गेला होता. परत विकत घ्यायचा तर विकणारी राजी हवी, आणि विकणारीशी अबोला.

तिने तोंड गोड करून धोंडूला बोलावलं. "आयेक सांग बाबा, काकी म्हणता, धोंडूक परत घेवचो आसा. कधी येव?"

धोंडूने डोक्यात हिशेब केला. परत घेतला गेला तर म्हावरं जाणार, फेऱ्या जाणार आणि कायदाही जाणार. तो पलीकडे गेला आणि म्हणाला, "आये, काकी म्हणता, तुजो वासरू परत इलो तर तेचे पाय मोडतलंय."

आनंदीबाईंनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. धोंडूने सुशीलाला सांगितलं, "आये म्हणता, इचार करतलंय."

आनंदीबाईंचा हा विचार बरेच दिवस चालला. सुशीला रोज विनवणी पाठवत होती आणि आनंदीबाईंना रोज वासराच्या पायांची धमकी पोचत होती. त्यांनी वासरू घरात बांधायला सुरुवात केली. शेवटी एकदा हौसाबाय आनंदीबाईंच्या पडवीत पान खात बसलेली असताना धोंडू नवा निरोप घेऊन आला. सुशीलाचे शब्द तिने नुकतेच गडग्याच्या त्या अंगाला ऐकले होते, आणि या अंगाला वेगळेच ऐकू आले. तिने त्याचा कान धरला.

"आनंदी, ती पाय धरता तुजे, आणि ह्यो मेलो पाय मोडता!"

नारळी पौर्णिमेच्या सकाळी वाडी गडग्यापाशी जमली. इकडे सुशीला, तिच्या मागे गंगाराम. तिकडे आनंदीबाई, मागे चार मुली. मधे गडग्यावर धोंडू, न्हाऊमाखू घातलेला, आणि त्यामुळे ओळखू न येणारा.

हौसाबायने रीत सांगितली. "आनंदी, तू इकणारी. मालाचे गुण तू सांगूचे. सुशीला, तू घेणारी. नावां तू ठेवूची. घासाघीस झाल्याशिवाय सौदो पुरो होणा नाय. सुरू करा."

कोणी सुरू करेना. अबोला अजून मोडलेला नव्हता, आणि आधी कोणी बोलायचं हा प्रश्न दोघींच्याही तोंडावर स्पष्ट दिसत होता. धोंडूने सवयीने सुशीलाकडे कान नेला, मग पलीकडे वळून म्हणाला, "आये, काकी म्हणता..."

"माल बोलणा नाय!" हौसाबाय ओरडली.

गंगाराम खाकरला. "कोणी तरी बोला गे. माका भरतीच्या आधी खाडीर जावचा आसा."

सुशीला आंब्याच्या झाडाकडे बघून म्हणाली, "हल्ली लोक दुसऱ्याच्या टोपलीतली पिलां मागतत."

आनंदीबाई माडाकडे बघून म्हणाल्या, "हल्ली लोक दुसऱ्याची कोंबी चोरतत." आणि माडावरून त्यांची नजर थेट सुशीलावर आली. "कोंबी कोणाची गो?"

"कोंबो कोणाचो?"

"कोंब्याक काय कळता? अंडी कोणी घातली?"

"जेच्या घरात वाढलां, तेचां! सांगलंय तुका!"

"असां? मगे ह्यो वाढलो खंय? पेज तुजी, म्हावरा माजा. ह्या अंगावरचा मांस कोणाचा ता सांग!"

हौसाबायने पान तोंडात सरकवलं. "अबोलो मोडलो. आता भाव करा."

सुशीलाने पदर खोचला. घेणारीचं काम नावं ठेवण्याचं, आणि त्या कामाची तिने आठ वर्षं तयारी केली होती. "ह्या पोरात आसा काय घेवसारख्या? हाडां नि कातडां. हंतरुणात अजून मूतता."

"काकी!" माल म्हणाला.

"माज्याकडे निजता तेवा एकदाही नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "पावकी तोंडपाठ आसा तेका."

"अर्ध्यार येता नि खोकता. आणि चोर आसा. माज्या शिंक्यावरचो गूळ खंय जाता?"

"माज्याकडे येता. चोर कसो? आणून दिता माका. पाय दुखतत तर पाय चेपून दिता."

सुशीला थबकली. "तुजे पाय चेपता?"

"रोज."

"माजे कधी चेपूक नाय!"

"माल चांगलो आसा, वापरणारी व्हयी," आनंदीबाई म्हणाल्या, आणि गर्दीत हशा झाला.

सुशीलाच्या कपाळावरची शीर उठली. ती घेणारी आहे हे त्या क्षणी ती विसरली. "माज्याकडे काय करता ता तुका ठावक आसा? तिन्हीसांजेक तुळशीकडे दिवो लायतंय तेवा माजो पदर धरून उभो रवता. काळोखाक भियता. कोणाक सांगणा नाय, फक्त माजो पदर धरता."

"भियता?" आनंदीबाई पुढे सरकल्या. त्याही विकणारी असल्याचं विसरल्या. "माज्याकडे तर वाघ म्हणून फिरता! म्हणजे भित्रो आसा तर. आणि माज्या चार चेडवांका रात्री भुताच्यो गोष्टी सांगता, मेलो!"

"भित्रो नाय!"

"भित्रो नि खोटारडो! निरोप कशे दिल्यान बघलंस मां?"

"तेका डोक्या लागता! तुज्या वासराक सुचतलां काय असां? कणगीभर भात दिलो तरी असो झील मेळूचो नाय!"

हौसाबायने टाळी वाजवली. "घेणारीनच भाव वाढवलो! कणगीभर भात!"

गंगाराम पहिल्यांदाच मनापासून दचकला. वर्षाचं भात कणगीतच होतं.

आनंदीबाईंनी हात वर केला. "भात नको माका. पिलां दी."

सुशीला धोंडूकडे बघत राहिली, मग तुसाच्या टोपलीकडे. "घे," ती म्हणाली. "घे गो. सगळी घे."

सगळी म्हणजे कोंबडी आणि मागोमाग दोन वाढलेल्या तलंगा निघाल्या.

"बाकीची खंय?"

"मुंगसान खाल्ली," सुशीला म्हणाली.

"सगळी?"

गंगाराम नम्रपणे म्हणाला, "एक कोंबो माज्या वाट्याक इलो. आषाढात. वड्यांबरोबर."

"बघा! माजी पिलां हिच्या घोवान खाल्ली!" आनंदीबाई गर्दीला म्हणाल्या. "सौदो मोडलो. इकूचंय नाय!"

सुशीलाचा चेहरा उतरला. तिने गडग्याचा दगड धरला. गंगारामने वाऱ्याकडे पाहिलं, भरतीकडे पाहिलं, आणि आपण तो कोंबडा खाल्ला नसता तर बरं झालं असतं असं त्याला बहुधा आयुष्यात प्रथमच वाटलं.

"आये," गडग्यावरून आवाज आला, "तेचो तंगडो तुया खाल्लंस मां?"

"माल बोलणा..." हौसाबाय म्हणाली आणि थांबली. तिलाही ऐकायचं होतं.

"माका काकीन दिलेलो तंगडो मी तुका आणून दिलंय. हौसाकाकीन दिल्यान म्हणून सांगलंय. तू म्हणालंस, असो मसालो वाडीत कोणाक जमणा नाय."

मग आनंदीबाईंच्या धाकट्या मुलीला हसू फुटलं, तिच्यामागे बाकीच्या तिघींना. आनंदीबाईंनी पदर तोंडावर धरला, पण खांदे हलू लागले होते. सुशीलाने विचारलं, "मसालो बरो होतो?"

"मीठ कमी होता," आनंदीबाई पदराआडून म्हणाल्या, आणि त्यांनी धोंडूला कमरेत धरून उचललं. उचलला, पण लगेच दिला नाही. क्षणभर तसाच धरून ठेवला. "घे. न्हाऊक घालतंस तेवा उजव्या कानात पाणी जाता तेच्या. कापसाचो बोळो घाल."

"माका ठावक आसा," सुशीला म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं. तिने आनंदीबाईंच्या पदरात मूठभर कोंडा घातला आणि मुलाला कवेत घेतलं.

"आता म्हण रे," हौसाबाय म्हणाली, "आये म्हण हिका."

धोंडूने हौसाबायकडे अजाण माणसाकडे बघावं तसं बघितलं. "आये ती थंय आसा. ही काकी."

लोक पांगले. सुशीला विहिरीवर गेली, पण धुवायला कपडेच नव्हते, म्हणून परत आली.

परत आली तर पडवीत धोंडू बसला होता. समोर फोडलेला नारळ, हळदकुंकू लावलेला. दर्याला द्यायला म्हणून गंगारामने सकाळीच पूजा करून ठेवलेला. एक अर्धा खाऊन झाला होता, दुसऱ्यावर काम चालू होतं.

सुशीलाने हात उगारला.

"काकी, माका मारूचा आसात तर आधी..." धोंडूने सुरू केलं आणि वाक्य मधेच संपलं. पुढे काही उरलंच नव्हतं. आठ वर्षं थांबलेली चापट पाठीत बसली. दुसरी तिच्यामागून आली.

"आयेऽऽ!" धोंडूने टाहो फोडला, आणि गडग्याकडे पळायच्या ऐवजी सुशीलाच्याच मांडीला मिठी मारून तिच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

"कित्याक मारतंस गो तेका?" गडग्यावरून आनंदीबाईंचं डोकं वर आलं.

"माजो आसा!" सुशीला ओरडली. तो आवाज खाडीपलीकडे गेला असं पागाचं जाळं टाकणारे नंतर सांगत. "माजो झील आसा! मारीन नायतर माथ्यार घेवन नाचान! माजो झील!"

"तुजो आसा म्हणून मारून टाकतलंस?" आनंदीबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि एक पाय गडग्यावर टाकला. "खंय लागला बघूया. सर बाजूक!"

"मी बघतंय! माका डोळे नाय?"

"तुजे डोळे मुंगसाचे!"

गंगाराम खळ्यातून आत आला. त्याने नारळाची करवंटी उचलून उलटीसुलटी केली आणि विचारलं, "मगे दर्याक काय देव?"

कोणी ऐकलं नाही. तेव्हा तो गडगा ओलांडून गेला आणि आनंदीबाईंच्या ओसरीवरून, कोणालाच न विचारता, एक नारळ घेऊन भरतीच्या आधी खाडीवर पोचला.