न विचारता आवरलेली खोली

मी एक जुनी, पातळ पुठ्ठ्याची रहस्यकादंबरी आहे. मित्रांनो, मी रागावले आहे, आणि राग गिळून गोड बोलायचे माझे वय आता राहिलेले नाही.

माझा जन्म एका कोंदट छापखान्यात झाला. कागद हलका, शाई त्याहून हलकी. बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर एक फेरीवाला मला घेऊन बसे. तिथे टेलिफोन ऑफिसात काम करणाऱ्या एका तरुण बाईंनी मला उचलले. सोबत त्यांची मैत्रीण होती; तिला सगळे 'घाई' म्हणत. बसची वाट बघता बघता तिने माझे शेवटचे पान आधी वाचले आणि खुनी कोण ते सांगून टाकले. त्यावरून दोघींचा दोन दिवस अबोला होता.

पुढे बाईंनी माझ्यासारखी दोनशे-अडीचशे पुस्तके जमवली. कोणते कुठे घेतले, सगळे तोंडपाठ. "हे दवाखान्याच्या फाटकापाशी, बाबांचा ताप उतरला त्या दिवशी. हे स्टेशनवर, गाडी चुकली तेव्हा." मला हातात घेतले की त्या घाईची आठवण काढून हसत. घाई नावाप्रमाणे जगातूनही लवकरच गेली होती.

मागच्या महिन्यात बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात होत्या. तेवढ्यात त्यांच्या मुलाने खोली आवरायला काढली. आम्हाला सुतळीने करकचून बांधले, रद्दीच्या दुकानात टाकले आणि हात झटकले. एकाचेही पान उघडून पाहिले नाही. बाकीची पुस्तके लगदा व्हायला कारखान्यात गेली. मला रद्दीवाल्याने कपाटाच्या लंगड्या पायाखाली सरकवले. तिथे दबून मी बाईंच्या त्या शहाण्या मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

एका सकाळी बाई काठी टेकत दुकानात आल्या. मुलगा मागोमाग होता.

"आई, ती सगळी मोबाइलवर मिळतात. अक्षरंसुद्धा मोठी करता येतात."

"मोबाइलवर तुझी घाईमावशी मिळते का?"

रद्दीवाला चाचरत म्हणाला, "एकच उरलंय बाई. पण ते काढलं तर कपाट डुगडुगेल."

"डुगडुगू दे."

मुलाने वाकून मला ओढून काढले. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं. केवढी धूळ होती."

"माझं भलं मला विचारून करायचं," बाई म्हणाल्या. "आणि आजपासून माझ्या खोलीत दार वाजवून यायचं."

तो आता दार वाजवतो. बाईंनी त्याला माफ केले की नाही, ठाऊक नाही. मी केलेले नाही.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पुस्तके आवरायला धावू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, हे कुठे घेतलंत? बाईंच्या मुलाने चाळीस वर्षांत हे विचारले नव्हते. परवा त्याने विचारले, पण फळीवर आता मी एकटीच आहे.