शालिकरामचा स्लॅब

न्याय मिळावा म्हणून माणूस कायद्याच्या दारात जातो. शेंदूरजनाघाटचा शालिकराम आणि त्याचा मिस्त्री देवानंद मात्र गेले ते स्लॅब पडू नये म्हणून.

संत्री भरायला शालिकरामनं बगिच्यात पक्कं शेड बांधलं. स्लॅब टाकून अडीच महिने झाले, तरी खालच्या लोखंडी प्लेटा आणि त्यांना टेकू दिलेल्या बल्ल्या तशाच उभ्या होत्या. आत टोपलं ठेवायला जागा नव्हती. व्यापारी तर पंधरा दिवसांनी तोडणीला येणार होता.

"आधी शेवटचा हप्ता द्या भाऊ, मंग सेंट्रिंग काढतो," देवानंद म्हणे.

"आधी काढ. स्लॅब उभा दिसू दे, मंग घे पैसे."

गावाला हा पैशाचा वाद वाटला. शालिकरामच्या बायकोला, माणिकबाईला, तसं वाटलं नाही.

"अजी, तुमी दोघं भांडता, पण तिकडं दूर, बगिच्याच्या कडेले धुऱ्यावर उभं राहून. शेडाखाली काहून जात नाई?"

"तुले बांधकामातलं काय समजते?"

"मले इतकं समजते, का बल्ली करकरली तं तुमचा घास हातातच राह्यते."

शालिकरामनं ताट सरकवलं आणि तो वरूडच्या वकिलाकडे निघाला. देवानंदची गाडी पंक्चर होती, म्हणून त्यालाही मागे बसवून घेतलं. वकिलानं पाचशेच्या स्टॅम्पवरचा करार वाचला.

"यात लवादाचं कलम आहे. म्हणजे आधी कोर्ट नाही. नोटीस द्यायची, तीस दिवसांत दोघांनी मिळून लवाद नेमायचा. नाही जमलं तर हायकोर्ट नेमेल."

"हायकोर्टाले किती दिवस लागतीन?" देवानंदनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"मंग हायकोर्टच बरं," शालिकराम म्हणाला.

"निकाल लागेपर्यंत जागेवर आहे तसंच ठेवा, असा आदेशही मागता येतो. पण तुमची समोरची पार्टी विरोध करेल."

"कायचा विरोध?" समोरची पार्टी बाजूच्याच खुर्चीत होती. "माई सही आत्ताच घ्या."

वकिलानं करार पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

नोटीस गेली. अकराव्या दिवशी सकाळी बगिच्यात ट्रॅक्टर शिरला. वरूडचा नत्थुजी सेंट्रिंगवाला होता; प्लेटा-बल्ल्या त्याच्या, देवानंदनं भाड्यानं आणलेल्या. संगं दोन मजूर.

"तीन महिन्याचं भाडं आलं नाई. माल उचलून राहिलो."

"नत्थुजी, मामला कायद्यात हाय," शालिकराम आडवा झाला. "लवाद नेमून राहिलो आमी."

"लवाद भाडं देते का?"

मजुरांनी घण खांद्यावर घेतले. ट्रॅक्टरमागं पळत आलेला देवानंद मधे शिरला. त्यानं पुढच्या मजुराचा सदराच धरला.

"आत नको जाऊ बापा."

"काहून?" नत्थुजीनं विचारलं.

देवानंद जमिनीकडे पाहत होता. "सळया सा इंचावर बांधाच्या होत्या. म्या नऊवर बांधल्या, लोखंड वाचवाले."

शालिकरामनं त्याच्याकडे पाहिलं. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो हळूच. "विहिरीच्या कामाचं जुनं सिमेंट उरलं होतं. गोटे झाले होते त्याचे. चाळून आठ पोते त्यातच घातले म्या."

न्याहारी घेऊन आलेली माणिकबाई उलटपावली धुऱ्यापर्यंत मागे गेली.

नत्थुजीनं मान वर करून स्लॅब पाहिला, मग या दोघांना पाहिलं.

"तालुक्यात सगळ्याईचं असंच असते," तो म्हणाला, आणि मजुराच्या हातातला घण घेऊन स्वतःच आत शिरला.

पहिली बल्ली पडली तेव्हा देवानंदनं शालिकरामचा दंड धरला. विसाव्या बल्लीला प्लेट सुटून आदळली, तसे दोघंही मागच्या मागे संत्र्याच्या आळ्यात बसले. कालच पाणी दिलेलं होतं. घणाचा आवाज थांबायचा तेव्हा जास्त भीती वाटायची. पाऊण तासानं नत्थुजी डोक्यावरचं सिमेंट झटकत बाहेर आला. ट्रॅक्टर भरून गेला.

स्लॅब उभा होता.

वकिलाला फोन झाला, की वाद मिटला. शालिकरामनं चिखलाच्या हातानंच देवानंदला हप्ता दिला. धुऱ्यावर.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. त्या हंगामाची सगळी संत्री बाहेर, कडुनिंबाखाली भरली.