पंखाखाली न मावलेली ढवळी

मी एक म्हातारी गावठी कोंबडी आहे, मित्रांनो. मुरगूडच्या बाहेर, तानाबाईंच्या परसात राहते. माझी तांबडी पिसं आता विटली आहेत आणि अंडी देणं तर कधीच थांबलं. पण मला एक लेक होती. तिच्याविषयी बोलल्याशिवाय माझं आयुष्य सांगून होणार नाही.

माझा जन्म यल्लव्वाच्या घरी झाला. आई उकिरडा उकरत पुढे चालायची आणि आम्ही भावंडं तिच्या मागे. ती जिथं चोच मारायची, तिथंच आम्ही मारायचो. किडा कोणता आणि खडा कोणता, हे तिच्याकडूनच कळलं. तिच्या पायाखालच्या मातीतून, तिच्या विष्ठेतूनही आमच्या पोटात काहीतरी चांगलं जात होतं. ते काय, हे मला फार पुढे समजलं.

यल्लव्वाचा नवरा भाऊसो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला होता. दोन हजार सालाच्या सुमारास ती बंद पडली. रिकामं बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं घरामागच्या तुकड्यात शेड बांधली आणि ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी झटपट वाढवायची, पिल्लं आणली. जनावरांचे डॉक्टर मल्लेश यांनी आधीच बजावलं होतं, की शेडजवळ गावठी कोंबडी नको, इकडचा रोग तिकडे जातो. त्यांचं बरोबरच होतं. यल्लव्वानं एकेक कोंबडी ओळखीच्या घरी दिली. मला तिनं काखेत धरून तानाबाईंकडे पोचवलं. त्या तिच्या मावशी, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एकट्याच राहायच्या.

तिथं मी खुडूक झाले. म्हणजे मला अंडी उबवायची ओढ लागली, पण पोटाखाली एकही अंडं नव्हतं. मी रिकाम्या पाटीत बसून राहायची, समोरचे दाणेही टिपायची नाही. तानाबाईंनी मला गार पाण्यात बुडवून काढलं, नाकात पीस घातलं. तरी माझं खूळ जाईना.

त्याच दिवसांत शेडमध्ये हगवण लागली. खालचा भुसा ओला झाला आणि पिल्लं माना टाकून बसू लागली. डॉक्टरांनी औषध दिलं, भुसा बदलायला लावला आणि यल्लव्वाला समजावलं. ही पिल्लं मशीनमध्ये उबतात. त्यांनी आई पाहिलेली नसते. आईकडून पिल्लाच्या आतड्यात चांगले जंतू जातात, मग वाईटांना जागा उरत नाही. यांची आतडी म्हणजे दार उघडं पडलेलं घर, जो आधी शिरेल तो मालक.

यल्लव्वानं ते ऐकून घेतलं आणि सगळ्यात मरगळलेलं एक पिल्लू पदरात उचललं.

"मरणारंच हाय ते. न्हिऊन काय करणार?" भाऊसो म्हणाला.

"मरायचंच आसंल तर आईच्या पंखाखाली मरू दे की."

ते पुन्हा शेडमध्ये आणायचं नाही, एवढं तिनं कबूल केलं. दिवेलागणीला ती आली आणि ते पिल्लू तिनं हळूच माझ्या पोटाखाली सरकवलं. गार पडलं होतं ते. ते मी उबवलेलं नव्हतं, माझ्या जातीचंही नव्हतं, पण त्या वेळी मला त्यातलं काही आठवलं नाही. सकाळी त्यानं माझ्या पिसांतून डोकं बाहेर काढलं.

ती मादी होती. पिवळी लव जाऊन पांढरीशुभ्र पिसं आली, म्हणून यल्लव्वानं तिचं नाव ढवळी ठेवलं. मी उकरायची, ती टिपायची. थोड्याच दिवसांत तिची हगवण थांबली.

मग ती वाढू लागली. मित्रांनो, कुठलंही लेकरू वाढताना आईला आनंद होतो. मला भीती वाटू लागली. महिना होतो न होतो तोच ती माझ्याएवढी झाली. छाती एवढी जड झाली, की चार पावलं चालली की बसायची. पंखाखाली आता तिचं नुसतं डोकं मावायचं, बाकीची सगळी बाहेर. अंधार पडला की मी शेवग्यावर उडून बसायची. ती खालून वर बघत चिवचिवायची, एवढ्या मोठ्या अंगातून पिल्लाचाच आवाज. शेवटी मी झाडावर बसणं सोडलं आणि खाली तिच्या शेजारी झोपू लागले.

यल्लव्वानं डॉक्टरांना बोलावलं.

"हिचा दोष न्हाई वैनी," ते म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या माणसानं लवकर वाढणारीच निवडली. पोट भरलं तरी हिला कळत न्हाई. खाणं बेतानं द्या, आणि चालवा."

तानाबाईंना ते पटेना. त्यांच्या दारात कधी कुणी उपाशी राहिलं नव्हतं. त्या गुपचूप मूठभर दाणे टाकायच्या आणि यल्लव्वा ते उचलून परसाच्या पार टोकाला विखरायची. ढवळी धापा टाकत तिथवर जायची. मी तिच्यापुढे चालायची, थांबायची, परत चालायची. तिच्याबरोबर आलेली शेडमधली सगळी पिल्लं कधीच टेम्पोतून गेली होती. ढवळीनं मात्र माझ्यासोबत थंडी पाहिली. एकदा ती धुळीत लोळून उठली आणि तिनं पंख जोरात फडफडवले. पाय जमिनीवरून सुटले नाहीत, पण तिला उडायचं होतं, हे मी पाहिलं.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं. एका दुपारी ती चोच उघडी टाकून लिंबाखाली बसली ती उठेचना. यल्लव्वा बाजारला गेली होती. तानाबाईंची हाक ऐकून भाऊसो धावत आला. त्यानं ओलं पोतं तिच्याभोवती लावलं, चोचीत पाणी सोडलं, टॉवेलनं वारा घातला.

"दमलीस व्हय, पोरी?" तो म्हणाला.

तिनं डोकं माझ्या पंखाखाली घातलं. थोड्या वेळानं तिचा श्वास थांबला.

शेजारच्या पिराजीनं विचारलं, वाया कशाला घालवता, शिजवा की.

"ही खायाची न्हाय," भाऊसो म्हणाला आणि त्यानं स्वतः लिंबाजवळ खड्डा काढला.

त्यानंतर तो शेडमध्ये पिल्लं कमी ठेवू लागला, त्यांना फिरायला जागा राहावी म्हणून. भुसा कोरडा ठेवतो. डॉक्टरांना विचारून पिण्याच्या पाण्यात ताकही घालतो. हगवण पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. पण पिल्लांची जात त्याच्या हातात नाही. ती अजूनही तशीच वाढतात आणि तशीच जातात.

नवी पिल्लं आली की पहिल्या दिवशी त्यांचं ओरडणं इथवर पोचतं. मी पाटीतून उठून कुंपणापाशी जाते आणि आई पिल्लांना बोलावते तशी बोलावते. त्यांना ते कळत नसेल. तरी मी पुष्कळ वेळ बोलावत राहते.

मित्रांनो, अंडी खाऊ नका, कोंबडी पाळू नका, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हाती एखादा जीव वाढायला आला, तर त्याला कोरडी जागा द्या, सावली द्या, आणि सावकाश वाढायला थोडा जास्त वेळ द्या. माझ्या ढवळीला तो हवा होता.