सख्खी

वाचकहो, भयाने ग्रासलेल्या एका मातेस ऐन वेळी कोणता शब्द उच्चारावा लागला, त्याचे यथामती निवेदन येथे करीत आहे.

"तोंड उघडा, काकू," तपासनीस मुलगी म्हणाली आणि तिने लाळेचा नमुना घेण्यासाठी वेष्टनातून कापसाची काडी बाहेर काढली.

काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

खोली लहान व अतिस्वच्छ होती. जुन्या खाणीत सापडलेली हाडे याच इमारतीत, भिंतीपलीकडे ठेवलेली होती. कित्येक वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेल्या त्यांच्या मुलाची ती आहेत किंवा नाहीत, एवढेच ठरावयाचे होते.

"माझं घ्या की," खुर्चीतून काका म्हणाले. "बाप बसलाय समोर."

"बापाचं यात चालत नाही, काका. इतक्या जुन्या हाडांत जे टिकतं, ते फक्त आईकडून आलेलं असतं."

"घ्या! म्हणजे आडनाव आमचं आणि माल सगळा हिच्याकडचा!" काका हसले.

"माझं नको," काकू एकाएकी म्हणाल्या. "मावशीचं घ्या."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. ती काकूंची मानलेली बहीण. मुलगा तिला मावशी म्हणे, म्हणून सारेच म्हणत. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, काय बोलतेस हे!"

"आई असताना मावशीचं कशाला?" मुलगी म्हणाली. "चालतं म्हणा. सख्ख्या बहिणींचं हे सारखंच असतं. पण सख्खीच हवी हं. परकीचं घेतलं तर हाडं तुमच्याच मुलाची असूनही जुळणार नाहीत. आम्ही 'नाही' म्हणून कळवू आणि तुम्ही जन्मभर दाराकडे डोळे लावून बसाल. सख्ख्या ना तुम्ही दोघी?"

मूल जन्मले तेव्हा काका परमुलखात नोकरीस होते. ते मूल कोणाच्या पोटी जन्मले, हे या दोघींखेरीज कोणासही ठाऊक नव्हते.

"सख्ख्या," काकू म्हणाल्या. पतीकडे पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

"काका, घरच्या दुसऱ्या माणसानंही सांगावं लागतं. बरोबर ना?"

काकांनी प्रथम पत्नीकडे पाहिले, नंतर मावशीकडे. तिच्या हनुवटीवर त्यांची दृष्टी खिळून राहिली; मुलाची हनुवटी हुबेहूब अशीच होती. चेहऱ्यावरील हसू केव्हाच मावळले होते.

"अहो…" काकू पुटपुटल्या.

"थांब जरा." काका तपासनीस मुलीकडे वळले. "सख्खी आहे. तिचंच घ्या."

मग ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची मावशीपुढे सरकवली. मावशी बसली खरी. परंतु तिची दातखीळ बसली होती.

"मला भीती वाटते हो," ती दातांतूनच म्हणाली. "जुळलं तर?"

"उघडा तोंड, मावशी," काका भिंतीला टेकत म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "जुळो, न जुळो, घरी तिघांनी मिळूनच जायचंय."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मावशीने तोंड उघडले.

कथा येथेच थांबवितो. माझ्यासारख्या अल्पशिक्षिताचे लिखाण आपण येथवर वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

— बाइंडर तात्या