पाव वजा करण्याचं कारण

त्या वर्षी आमच्या संस्थेत ज्याच्या त्याच्या डोक्यात इलेक्ट्रॉन फिरत होता. फोल्कमारच्या डोक्यात तर तो मुक्कामालाच आला होता. अणूतल्या कुठल्या कक्षेत इलेक्ट्रॉनचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, किती, हा त्याचा प्रबंध. तो मान्य झाला तर विद्यापीठात जागा, नाहीतर हिल्डेसहाइमला वडिलांच्या साबणाच्या दुकानात.

जुना नियम सोपा होता. कक्षेच्या आकड्याचा वर्ग केला की संवेगाचा वर्ग मिळायचा. पण प्रयोगांशी ते काही केल्या जुळेना. फोल्कमारने खटपट करून युक्ती काढली: आकड्यात अर्धा मिळवायचा, वर्ग करायचा आणि त्यातून पाव वजा करायचा. सगळं चोख जुळलं.

प्रोफेसर ब्रांडिस त्या पावावर अडले.

"हा कुठून आणलात?"

"प्रयोगांशी जुळतो, प्रोफेसरसाहेब."

"जुळतो म्हणे! उद्या बटाटे वजा करून जुळलं तर बटाटे लिहाल? कारण द्या, नाहीतर काढून टाका."

कारण बिचाऱ्याकडे नव्हतं. पाव काढून त्याने प्रबंध पुन्हा दिला. मला संताप आला. आम्ही सगळेच तेव्हा असे चोरटे अर्धे न् पाव वापरत होतो, ब्रांडिससुद्धा.

प्रबंध त्यांच्या टेबलावर असतानाच नवा सिद्धांत आला. ब्रेस्लाउच्या एका पाहुण्याने फळ्यावर संवेगाच्या वर्गाचा, त्या सिद्धांतातूनच निघणारा नवा नियम मांडला: आकडा गुणिले त्याच्या पुढचा आकडा. सगळ्यांनी टाळ्यांऐवजी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, बाकांवर बोटांची पेरं आपटली. फोल्कमार तेवढा वहीत आकडे मांडत होता.

"एरिक, हे माझंच आहे रे," तो म्हणाला. "दोन घे. दोन त्रिक सहा. आता माझ्या रीतीने कर. अडीचचा वर्ग सव्वासहा, त्यातून पाव गेला..."

"सहा," मी म्हणालो.

मी त्याला ओढतच ब्रांडिसकडे नेलं आणि दोन्ही रीती त्यांच्यापुढे मांडल्या.

"तेच आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण तुमच्या प्रबंधात पाव कुठे आहे?"

"तुम्हीच काढायला लावलात!" मी ओरडलो.

"कारण नव्हतं म्हणून. आज कारण आहे, पण ते यांचं नाही. माझ्यापुढचा प्रबंध चुकीचा आहे. मी तो नापास करतोय."

फोल्कमारने चक्क मान डोलावली. मी भांडायला उभा, आणि हा दार उघडून बाहेर!

"त्यांचं बरोबर आहे," जिन्यात तो म्हणाला. "तो पाव का वजा करायचा, हे एकदा कळावं म्हणून मी झोपेत तडफडायचो. आज दुसऱ्याकडून कळलं. आणि मला आनंद असा वाटलाच नाही रे, एरिक."