बाहेरचं कोणीच येत नाही

माही पोरगी प्रणाली इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते अन् वरून पीएचडी करून राहिली. कायची पीएचडी, हे तिनं मले धा खेपा सांगितलं, अन् धाही खेपा मी "हाव, हाव" म्हणून पेपरात तोंड घातलं. पण यंदा दिवाळी झाली अन् तिनं तो अभ्यास घरातच आणला. हॉलमध्ये, तिच्या आईच्या फोटोखाली, एक पांढरा डबा ठोकला. वर दोन शिंगं, पुढं लुकलुकणारे दिवे.

"हे काय भूत आणलं वं?" मी म्हणलं.

"राउटर आहे, बाबा."

"जुना होता तो काय मेला होता?"

मंग तिनं मले बसवून समजावलं. आजवर घरोघरचा राउटर आपल्या मनानं चाले. कोणाले किती नेट द्यायचं, हे त्याचं तोच पाहे. आता टिमकीतल्या आमच्या गल्लीत तिनं आठ-दहा घरी असे डबे लावले होते, अन् त्या सगळ्या डब्यायची अक्कल काढून एका जागी ठेवली होती, तिच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरात. डब्यानं फक्त ऐकायचं. कॉम्प्युटर म्हणन, याले सोड, त्याले थांबव, तिकडे कोणी डॉक्टरशी बोलून राहिलं, त्याले पहिले जाऊ दे.

"म्हणजे लग्नात एक जण मधात उभा राहून वाढप्यायले सांगते, इकडे भात आण, तिकडे वरण ने, तसं?"

"अगदी तसंच, बाबा!" पोरगी खुश झाली. मीही झालो, खोटं कायले बोलू.

"आता याले आपलं घर शिकवा लागते," म्हणून ती मोबाईल घेऊन बसली. "सांगा, घरात कोण कोण राहते?"

"तुले नाही माहीत?"

"गल्लीत सगळ्यायले विचारलं, तसं तुमालेही विचारून राहिली. रिसर्च आहे, बाबा."

"मी राहतो. तू राहतं. झालं."

"अन् बाहेरचं कोण येते? नेहमीचं?"

"बाहेरचं कोणीच येत नाही," मी म्हणलं. "दूधवाला येते, तो दारातूनच जाते."

तिनं बोटानं टकटक केलं, अन् झालं आमचं घर शिकवून. हे सगळं बोलणं चालू होतं तेव्हा मारोतराव माह्या बाजूले दिवाणावर तंगड्या पसरून शेंगा खात बसला होता. मले काही वाटलं नाही. पोरीले वाटलं नाही. अन् त्यालेही नाही. उलट तोच म्हणे, "दूधवाला आता पाणी लय घालून राहिला गा."

आता मारोतराव कोण, हे तुमाले सांगा लागन.

आमच्या टिमकीत एके काळी घराघरात माग होता. सकाळी उठलं की खटक-खट, खटक-खट, साऱ्या गल्लीभर. आवाजावरून सांगता येई, हा कोणाचा माग अन् आज त्याचं डोस्कं ठिकाणावर आहे का नाही. ताणा लावायचा म्हणजे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं, अन् सायकलवाला खाली उतरून, सायकल हातात धरून, भिंतीले चिकटून जाई. शिव्या देत जाई, पण सुताले हात लावत नसे. सुताले लावायच्या खळीचा आंबूस वास कपड्यायले, भाकरीले, पोरायच्या केसायले. आजकाल कुठी कांजी केलेलं कापड हातात आलं की मी चोरून वास घेतो. लोक म्हणत असतील, म्हातारा चळला.

आमच्या घरी करवतकाठी लुगडं निघे. ते एकट्याचं काम नव्हतं. आडवं सूत नेणारे धोटे तीन, एक अंगाचा अन् एकेक दोन्ही काठायचा. माग रुंद, म्हणून खड्ड्यात पाय सोडून दोघं जण बाजूबाजूले बसत. डाव्या हाताले मी, उजव्या हाताले मारोत्या. मी धोटा सोडला की त्यानं झेलायचा, त्यानं सोडला की मी. बोला लागत नसे. मिसरूड फुटायच्या आधीपासून आम्ही एका खड्ड्यात बसलो. एकदा पत्त्याच्या डावावरून आमचं असं वाजलं, की आम्ही एकमेकाचं तोंड पाहिलं नाही. पण बोलल्याबिगर अख्खं लुगडं विणलं. माह्या बापानं ते हातात घेतलं, काठ पाहिला अन् म्हणला, "भांडले काय बे तुम्ही?" काठ आवळलेला होता.

मंग माग गेले. कसे गेले, ते सांगत बसलो त माह्यं डोस्कं फिरते, म्हणून सोडा. मारोतराव कळमन्याच्या बाजारात धान्य मोजाले लागला, मी वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून झालो. पण संध्याकाळी सहाले तो माह्या घरी. जेवून, बातम्या पाहून, सरकारले अन् मले शिव्या घालून आपल्या घरी झोपाले जाई. त्याचं घर तीन दारं सोडून. माही कुसुम गेली, त्याची सुभद्रा गेली, तरी सहा वाजले की तो दारात. त्याच्याकडे नेट नाही. त्याची पोरगी मयुरा हैदराबादले असते, तिचं तोंड तो माह्याच दिवाणावर बसून मोबाईलमध्ये पाहे.

त्या मयुराले पोरगी झाली. मारोतरावचे गुडघे गेलेले, प्रवास होत नाही. बारसं त्यानं मोबाईलवरच पाहायचं ठरलं. मयुरा म्हणली, "बाबा, आई असती तर तिनंच पाळणा म्हटला असता. आता तिच्या जागी तुम्ही म्हणा."

बाप्पा बाप्पा! काय सांगू तुमाले. सुभद्रेचा गळा साऱ्या टिमकीत नाव घेण्यासारखा. कोणाचंही बारसं असो, पाळणा तिनंच म्हणायचा. अन् हा माणूस बोलला तरी वाटे, कोणी टिनाचा पत्रा ओढून राहिलं. पण बारशापर्यंत रोज माह्यासमोर बसून त्यानं तालीम केली. मी कानात बोटं घातली त म्हणे, "घाल, पण कडवं चुकलं त सांग."

बारशाच्या दिवशी दुपारी तो धुतलेलं धोतर, टोपी घालून आला. दाढी केलेली. आपला मोबाईल फुलदाणीले टेकवून ठेवला. तिकडे मयुरा, जावई, पाहुणे, पाळणा, सारं दिसून राहिलं. बायायची गर्दी, हसणं, फोटो, नुसता गोंधळ. मी शिरा ढवळाले आत गेलो. लय वेळानं याची पाळी आली, अन् यानं सुरू केलं. बेसूर त होताच. पण सुभद्रा जिथं थांबे तिथं थांबून राहिला, तिच्यासारखं नाव लांबवून राहिला. माह्या डोळ्यात पाणी आलं, म्हणलं धूर लागला.

दुसऱ्या कडव्यात आवाज थांबला. मले वाटलं, गळा भरला असन. मी दोन बश्या घेऊन बाहेर आलो त दिवाण रिकामा, दारातल्या चपला नाही.

म्हणलं, मोकळं रडाले घरी गेला असन. संध्याकाळी येन. नाही आला. दुसऱ्या दिवशीही नाही. मी काय कमी आहो? मीही नाही गेलो. असा आठवडा गेला. मंग मात्र मले राहवलं नाही, मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

तो आत गहू निवडून राहिला होता. मले पाहून उठला. खुर्ची दुपट्ट्यानं पुसली. "या," म्हणला. "बसा."

बसा! मले! मी मागं वळून पाहिलं, माह्यामागं कोणी मोठं माणूस आलं का काय.

"मारोत्या, डोस्कं फिरलं काय तुह्यं?"

"चहा घेता काय?" त्यानं ताटलीत ठेवून पाण्याचा गिलास पुढं केला. "नाही घेत? बरं. काम होतं काही?"

"तू येऊन काहून नाही राहिला?"

"येणार कसा? तुमच्या मशिनीनं मले लिहून दाखवलं." त्यानं मोबाईलकडे पाहिलंही नाही, तोंडपाठ म्हणून दाखवलं. "'पाहुण्यांसाठीचा वेळ संपला आहे. धन्यवाद.' बरोबरच आहे. पाहुण्यानं किती वेळ बसावं, याले काही हद्द असते."

मी पाणी न पिताच उठलो. घरी आलो, तो डबा दोन्ही हातानं धरला अन् ओढला. भिंतीचा पोपडा निघाला.

"बाबा! थांबा!" प्रणाली आतून धावत आली. "माह्या इतक्या महिन्यायचं काम आहे त्यात! एक घर तुटलं त सारा हिशेब जाते!"

"जाऊ दे! माह्यं घर तुटलं ते नाही दिसत तुले?"

मी ओरडून ओरडून सांगितलं. ती लॅपटॉप उघडून बसली. पाहता पाहता तिचं तोंड उतरलं.

"मीच लावला हा नियम," ती हळूच म्हणली. "बारशाच्याच आठवड्यात. घरच्यायले नेट कमी पडू नये म्हणून पाहुण्यायले अर्धा तास. त्याच्या आधी हद्दच नव्हती."

"पण मारोत्या पाहुणा काहून झाला?"

"कारण काका घरचा आहे म्हणून मशिनीले कोणी सांगितलंच नाही. तुम्ही म्हणलं, मी अन् तू."

"अन् तू ते घेतलं! तो समोर बसून शेंगा खात होता वं!"

मंग पोरीच्या डोळ्याले धार लागली. "बाबा, मी मारोतकाकाच्या खांद्यावर बसून पोळा पाहिला. अन् मशिनीत मी दोनच खण केले, घरचे अन् बाहेरचे. काका कोणत्याच खणात नव्हता, मले दिसलंही नाही." नाक पुसून ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. "गल्लीत दर घरी असे पाहुणे निघून राहिले. मी समजत होती, माह्या प्रोग्राममध्ये खोट आहे. लोकायनं तुमच्यासारखंच सांगितलं असन, बाहेरचं कोणी येत नाही. थांबा, काकाले मी आत्ता घरात घेते."

"तू मशिनीले सांग," मी म्हणलं. "त्याले मी सांगतो."

पुन्हा त्याचं दार. तो पुन्हा खुर्ची पुसाले लागला. "या—"

"गप बे." मी खालीच बसलो, गव्हाच्या बाजूले. "पोरीची चूक झाली. माहीही झाली. आता तिनं तुले घरात घेतलं."

"कोणी घेतलं? मशिनीनं?"

"हाव."

"मंग मशिनीलेच भेटाले येईन." अन् एकदम त्याचा बांध फुटला. "बाबन्या, तुले लाज नाही वाटत काय गा? माह्या सुभद्रेच्या जागी बसलो होतो मी! दुसरं कडवं चालू होतं! मयुराले वाटलं, बापाले रडू आलं म्हणून फोन ठेवला. तिले काय सांगू? म्हणू, जिथं जनम काढला तिथून मले उठवलं? घरी येऊन मले आठवलं, माह्यासमोर तू सांगितलं, मी अन् पोरगी. मी ऐकलं अन् वरून दुधाची गोष्ट केली. इतका येडा मी!"

त्यानं मले बाबन्या म्हणलं. तू म्हणलं. तो शिव्या देऊन राहिला अन् मले इतकं बरं वाटून राहिलं, की आठवडाभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

"मंग सांग ना," तो म्हणला. "कोण आहो मी तुह्या घरचा?"

त्याच्या सुपातले दोन खडे मी उगाच काढून फेकले.

"कोण ते मले सांगता नाही येत," मी म्हणलं. "तिनं विचारलं, बाहेरचं कोण येते, मी म्हणलं कोणीच नाही. ते खरंच आहे. तू येत नाही, मारोत्या. तू जातं. रोज रात्री तू जातं अन् मले वाटते, घरातलं एक माणूस बाहेर गेलं, आता सकाळपर्यंत कडी लावू का नको. आठवडा झाला, मी कडी न लावता झोपून राहिलो."

त्यानं टोपी काढली, तिनं तोंड पुसलं, पुन्हा घातली.

"मंग रडून काहून राहिला?" म्हणला.

"मी कुठं? तूच रडून राहिला."

"ऊठ," तो म्हणला. "मयुराले फोन लाव. पोरगी अर्ध्या पाळण्यावर झोपवली मी."

"पोरगी आता आठवड्यानं मोठी झाली. तुह्या आवाजानं जागी होईन ती."

"होऊ दे," म्हणला, अन् गुडघ्यावर हात ठेवून माह्याआधी उठला.