तिसरा आग्रह

"मॅडम, खरं सांगा, हे विमान आज उडणार की बर्फ वितळल्यावर?" शेवटच्या रांगेतल्या ड्वेनने आवाज चढवला.

"उडेल. कधी, ते मलाही ठाऊक नाही," मी म्हटलं. "कळलं की पहिलं तुम्हालाच सांगीन. मग विमानभर ओरडून तुम्हीच सांगा."

आजूबाजूचे हसले. तोही हसला. मिनिआपोलिसच्या विमानतळावर दुपारपासून बर्फ कोसळत होता आणि गेट सोडून निघालेल्या भरल्या विमानात आम्ही रांगेत अडकून होतो. अशा वेळी माझी एकच पद्धत. माइकवरून गोड बोलायचं नाही. शेवटच्या रांगेपासून सुरुवात करून प्रत्येकाला तोंडावर खरं सांगायचं. मागच्यांना सगळं शेवटी कळतं, म्हणून ते आधी भडकतात. इतके हिवाळे झाले, माझ्या विमानात भांडण पेटलेलं नाही. मी, हवाई सेविका मार्लिस टोलफसन, हे छातीठोकपणे सांगते.

ड्वेनशेजारी अर्डिस क्वाले नावाच्या आजी विणत बसल्या होत्या. फिनिक्सला बहिणीकडे निघालेल्या. कॉफी विचारली तर "नको", पुन्हा विचारली तर "कशाला उगाच त्रास", आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर "अगदी अर्धाच कप हं". आमच्या मिनिआपोलिसकडे असंच. पहिल्या आग्रहाला हो म्हणणारा हावरट ठरतो.

कॉफी संपायच्या आत त्यांचा फोन वाजला. "बरं... बरं. कळवलंत, उपकार झाले," म्हणाल्या आणि पुन्हा विणू लागल्या. टाके मात्र सुटत होते. मी वाकून विचारलं, "काय झालं, आजी?"

"काही नाही गं. आमचे हार्लन शुश्रूषागृहात असतात. सकाळी त्यांनीच हट्टाने पाठवलं मला. आता नर्स म्हणते, श्वास लागलाय, लगेच या."

"मग उतरा ना!"

"छे छे! माझ्या एकटीपायी एवढं विमान मागे न्यायचं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. मागे फिरलो तर पंखांवरचा बर्फ धुवायच्या रांगेतला नंबर जाणार, कदाचित उड्डाणही रद्द होणार. मी कॅप्टनला गाठलं. तो वळायला तयार होता, फक्त आजींचा होकार हवा होता. मी परत आले.

"आजी, कॅप्टन तयार आहे. सांगू त्याला?"

"राहू दे गं. लोकांची सुट्टी..."

दोनदा झालं होतं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात ड्वेनच खेकसला, "ओ आजी, उतरायचंय की नाही ते बोला! आमचं आम्ही बघून घेऊ."

आजींनी लोकर पिशवीत कोंबली. "तुम्हा सगळ्यांना चालणार असेल तर," त्या म्हणाल्या.

विमान वळलं. वाटेत रांगारांगांतून मी खरं कारण सांगत गेले. एकाने शिवी हासडली, बाकीच्यांनी पाय आत घेऊन आजींना वाट दिली. दार उघडलं तशी थंडी आत घुसली. आजी दाराशी कोटाची बटणं लावत होत्या. एवढ्यात मागून ड्वेन आपली बॅग घेऊन आला. अंगात फिनिक्सच्या उन्हासाठी घातलेला फुलाफुलांचा शर्ट.

"या बर्फात टॅक्सी मिळायची नाही. माझा पिकअप ट्रक इथेच पार्किंगमध्ये उभाय. सोडू का?"

अजून दोनदा विचारावं लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं. दुसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"हो," आजी म्हणाल्या आणि त्याचा हात घट्ट धरला.

पहिल्याच विचारण्याला. ती दोघं गेटकडे जाणाऱ्या बोळाच्या वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी राहिले. मग मागे जाऊन आजींचा कप उचलला आणि शेवटच्या रांगेपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.